वाचकांचे प्रश्न : अमेरिकी बास्केटबॉलपटूचा परदेशातील हंगाम

या अंकासाठी सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयावरची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. आपल्याकडे कबड्डी, खो-खो आणि कुस्तीच्या मानाने बास्केटबॉलचा प्रेक्षकवर्ग लहान आहे. पण जो आहे तो खेळ बारकाईने पाहतो आणि आकडे लिहून ठेवतो, हे या पत्रांवरून स्पष्ट दिसते.

प्रश्न : अमेरिकेतील महाविद्यालयीन स्पर्धेत सामन्याला वीस-बावीस गुण करणारा एक गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारा खेळाडू, माझा आवडता खेळाडू होता. एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये, निवड झाली नाही म्हणून तो युरोपात गेला. आता तिथे त्याची सरासरी दहा गुणांच्या आसपास आहे. तो संपला असे समजायचे का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : मुळीच नाही. दहा गुणांची सरासरी हा युरोपातील चांगल्या संघात मान मिळवून देणारा आकडा आहे. महाविद्यालयीन सामनाही चाळीस मिनिटांचाच असतो, हे खरे. पण तिथे संघाचा हुकमी खेळाडू त्यातील पस्तीस मिनिटे मैदानावर असतो आणि बहुतेक चेंडू त्याच्याच हाती येतात. युरोपातील प्रशिक्षक दहा-अकरा खेळाडू आलटून पालटून वापरतात, त्यामुळे त्याच खेळाडूच्या वाट्याला वीस-बावीस मिनिटे येतात. शिवाय तिथे समोर विशीतली मुले नसतात. दहा-बारा वर्षे पगारावर खेळलेले, अंगाने भरलेले आणि बचावातले सगळे डावपेच ठाऊक असलेले खेळाडू त्याला सामोरे येतात. एनबीएतून येणाऱ्याला तर आणखी एक अडचण असते. एनबीएत बचाव करणाऱ्याला कोणाला न अडवता रिंगखालच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत तशी मनाई नाही. त्यामुळे मुसंडी मारून आत शिरणाऱ्या गार्डला समोर रिंगजवळ खेळणारा सात फुटी सेंटर ठाण मांडून उभा असलेला दिसतो, आणि आजवर सहज होणारी बास्केट एकाएकी अवघड होऊन बसते.

सामन्यांचा ताणही लक्षात घ्यायला हवा. २०२५-२६ पासून युरोलीगमध्ये, म्हणजे युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेत, वीस संघ आहेत आणि साखळी फेरीतच प्रत्येकाला ३८ सामने खेळावे लागतात. त्याखेरीज देशांतर्गत लीग असतेच. म्हणजे गुरुवारी रात्री बेलग्रेड, शनिवारी परत घरी, रविवारी एखाद्या लहान गावच्या संघाविरुद्ध सामना. माइक जेम्स या पोर्टलंडच्या गार्डने २०१८-१९ मध्ये मिलानकडून खेळताना युरोलीगमध्ये सर्वाधिक सरासरी गुण केले, तेव्हा ती सरासरी १९.८ होती. सर्वात वरचा आकडा वीसच्या आत असेल, तर दहा गुण करणाऱ्याची जागा कुठे येते हे तुम्हीच पाहा. जेम्सचीही एनबीएच्या वार्षिक निवडीत निवड झाली नव्हती. क्रोएशिया, इटलीतील खालची श्रेणी, इस्रायल, ग्रीस असे टप्पे पार करत तो वर आला आणि २०२३-२४ च्या हंगामात युरोलीगच्या इतिहासातील सर्वाधिक गुणांचा मानकरी ठरला.

सर्वाधिक सरासरी गुण करणाऱ्याला युरोलीग जो करंडक देते, तो अल्फान्सो फोर्डच्या नावाने आहे, आणि ज्याला परदेशी हंगाम म्हणजे दुय्यम काम वाटते त्याने या माणसाची कारकीर्द पाहावी. फोर्ड मिसिसिपी राज्यातील ग्रीनवूडचा. मिसिसिपी व्हॅली स्टेट या छोट्या विद्यापीठाकडून त्याने ३,१६५ गुण केले. अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या इतिहासात एवढे गुण करणारे खेळाडू बोटांवर मोजण्याइतके आहेत. तरीही एनबीएत त्याला जेमतेम अकरा सामने मिळाले. पुढे स्पेन, मग ग्रीसमधील अनेक क्लब, मग इटलीतील सिएना आणि शेवटी पेझारो असा त्याचा प्रवास झाला. २०००-०१ आणि २००१-०२ अशी लागोपाठ दोन वर्षे युरोलीगमध्ये सर्वाधिक सरासरी त्याची होती आणि २००३ मध्ये त्याने सिएनाला अंतिम चार संघांत नेले. या साऱ्या काळात त्याला रक्ताचा कर्करोग होता. १९९७ मध्ये निदान झाले होते, आणि ही गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत होती. ऑगस्ट २००४ च्या अखेरीस त्याने पेझारोला कळवले की आता खेळणे शक्य नाही, आणि सप्टेंबरच्या ४ तारखेला तो गेला. तेव्हा त्याचे वय ३२ वर्षे होते. त्याच्या नावाचा करंडक दरवर्षी दिला जातो तो त्याच्या गुणांसाठी, आणि ते गुण त्याने कोणत्या अवस्थेत केले हे कळल्यावर त्यांच्याकडे निव्वळ आकडे म्हणून पाहणे मला तरी जमत नाही.

प्रश्न : परदेशी लीगमध्ये अमेरिकी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा का घालतात? उत्तम खेळाडू जितके अधिक तितका खेळ सुधारेल, असे मला शाळेत शिकवताना वाटते.
— क्रीडाशिक्षक, कराड

उत्तर : तुमचे म्हणणे अर्धे खरे आहे. उत्तम खेळाडूंबरोबर खेळून स्थानिक मुले सुधारतात. पण त्यांना मैदानावर उतरायलाच मिळाले नाही तर ती बाकावर बसून किती शिकणार? म्हणून जवळपास प्रत्येक देशाने आपापला तोडगा काढला आहे. जर्मनीत सामन्यासाठीच्या बारा जणांत सहा जर्मन असावेच लागतात, आणि त्या लीगमध्ये घडलेले अनेक खेळाडू ज्या राष्ट्रीय संघात होते त्या जर्मनीने २०२३ मध्ये मनिला येथे सर्बियाला ८३-७७ असे हरवून विश्वचषक जिंकला. यशाचे सारे श्रेय या नियमाला देता येणार नाही, पण तो विचारात घेण्याजोगा नक्कीच आहे. युरोपीय संघातील देशांचे नागरिक मात्र युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बोस्मन निकालापासून परदेशी म्हणून मोजता येत नाहीत, त्यामुळे मर्यादेचा खरा फटका अमेरिकी खेळाडूंनाच बसतो. ज्याला आजोबांमुळे इटलीचे किंवा आयर्लंडचे पारपत्र मिळू शकते, त्या साधारण खेळाडूची किंमत एका दिवसात वाढते.

नियम कोणत्या टोकाला जाऊ शकतो, याचे एक उदाहरण दक्षिण कोरियात घडले. तिथल्या लीगने २०१८-१९ साठी ठरवले की प्रत्येक संघातील दोन परदेशी खेळाडूंपैकी एकाची उंची २०० सेंटिमीटरपर्यंत आणि दुसऱ्याची १८६ सेंटिमीटरपर्यंतच असावी. आन्यांग संघाचा अमेरिकी सेंटर डेव्हिड सायमन आदल्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक सरासरी गुण करणारा खेळाडू होता. तो लीगच्या कार्यालयात गेला, पादत्राणे काढून मोजपट्टीखाली उभा राहिला आणि २०२.१ सेंटिमीटर भरला. दोन सेंटिमीटरसाठी त्याची नोकरी गेली. तो जपानमधील क्योतोच्या संघात गेला आणि कोरियाने ती अट पुढच्याच हंगामात काढून टाकली. खेळाडूच्या कौशल्याशी काडीचा संबंध नसलेल्या गोष्टीवर त्याचा हंगाम ठरावा, हे मला अन्यायाचे वाटते.

मर्यादेमुळे अपेक्षांचे ओझेही वाढते. आपल्याकडे गावच्या यात्रेत शेवटच्या कुस्तीसाठी परगावचा नामांकित मल्ल आणला की त्याने केवळ बरी कुस्ती करून भागत नाही, तसेच या खेळाडूंचे असते. संघात परदेशी जागा दोनच असतील तर क्लब त्या जागेवरून विजयाचीच अपेक्षा करतो, आणि लागोपाठ चार सामने हरले की पहिला बळी परदेशी खेळाडूचा जातो. हंगामाच्या मध्येच एखादे अमेरिकी नाव संघाच्या यादीतून दिसेनासे झाले तर तो जायबंदीच झाला असेल असे समजू नका. बऱ्याचदा त्याच्या जागी दुसऱ्याला विमानाने बोलावलेले असते.

प्रश्न : एनबीएतून बाहेर पडल्यावर परदेशात अधिक मोठा झालेला कोणी आहे का?
— बँक कर्मचारी, तासगाव

उत्तर : स्टीफन मारबरी. न्यूयॉर्कमधील कोनी आयलंडचा हा गार्ड १९९६ च्या निवडीत चौथ्या क्रमांकावर निवडला गेला आणि दोनदा ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंत, गणला गेला. पण एनबीएतील त्याचा शेवट कडवट झाला. जानेवारी २०१० मध्ये तो चीनच्या शान्शी संघात गेला. तिथून फोशान आणि २०११ मध्ये बीजिंग डक्स. बीजिंगने तोवर या लीगचे विजेतेपद कधीच मिळवले नव्हते. ते २०१२ मध्ये मिळाले, मग २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये. शहरात त्याचा पुतळा उभा राहिला, सरकारने कायम वास्तव्याचा परवाना दिला, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये निवृत्त झाल्यावर तो बीजिंगमधील दुसऱ्या एका संघाचा प्रशिक्षक झाला.

माझ्या मते मारबरीचे यश केवळ गुणांचे नव्हते. चिनी लीगमध्ये बहुतेक अमेरिकी खेळाडू ऑक्टोबरमध्ये येत आणि शेवटचा सामना झाला की त्याच आठवड्यात परत जात. मारबरी तिथे राहिला, भुयारी रेल्वेने सामन्याला जाऊ लागला, सहकाऱ्यांना चेंडू देऊ लागला. जिमर फ्रेडेट या अमेरिकी गार्डचे उदाहरण याहून वेगळे आहे. त्याने २०१६-१७ मध्ये शांघायकडून सामन्यामागे ३७.६ गुण केले आणि पुढे एका सामन्यात तर ७५. चीनमध्ये तो अफाट लोकप्रिय झाला, पण विजेतेपद त्याच्या वाट्याला आले नाही. दोघेही थोर, पण बीजिंगला जे हवे होते ते मारबरीने दिले.

प्रश्न : माझी मुलगी राज्य स्पर्धेत खेळते. अमेरिकेत महिलांची स्वतंत्र व्यावसायिक लीग असताना तिथल्या नामवंत खेळाडू रशिया-तुर्कस्तानला का जातात? आणि ब्रिटनी ग्रायनरचे प्रकरण वाचल्यापासून मला या साऱ्याची भीती वाटते.
— एक आई, सातारा

उत्तर : कारण पैशाचे आहे आणि वेळापत्रकाचेही. अमेरिकेतील महिला लीग, म्हणजे डब्ल्यूएनबीए, १९९७ मध्ये सुरू झाली ती उन्हाळी लीग म्हणून. उरलेले सात महिने मोकळे राहतात आणि युरोपचा हंगाम नेमका त्याच महिन्यांत असतो. पगारातील तफावत किती होती हे डायना टोरासीच्या उदाहरणावरून कळते. रशियातील येकातेरिनबुर्गचा क्लब तिला हंगामाला सुमारे १५ लाख डॉलर देत असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते, तर अमेरिकेतील कमाल पगार एक लाख सात हजार डॉलरच्या जवळपास होता. २०१५ मध्ये त्या रशियन क्लबने तिला विश्रांतीसाठी पैसे दिले आणि तिने अमेरिकेतील तो संपूर्ण हंगाम सोडला. आपल्या देशातील सर्वोत्तम खेळाडूला घरी खेळू नये म्हणून परदेशी क्लब पैसे देतो, ही अमेरिकी लीगसाठी नामुष्कीची गोष्ट होती. २०२० च्या करारात तेथील पगार वाढले, त्यामागे ही लाजही असावी असे मला वाटते.

बारा महिने खेळण्याची किंमत शरीर मोजते. एप्रिल २०१९ मध्ये हंगेरीतील शोप्रोन येथे युरोलीग महिला स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, कुर्स्क संघाकडून खेळताना, ब्रियाना स्टुअर्टच्या टाचेवरचा स्नायुबंध तुटला आणि तिचा अमेरिकेतील संपूर्ण हंगाम बुडाला. आदल्याच वर्षी ती तेथे सर्वोत्तम खेळाडू ठरली होती. तिनेच पुढे नफीसा कॉलियरबरोबर जानेवारी २०२५ मध्ये मायामीत हिवाळी लीग सुरू केली. तिचा एक हेतूच असा आहे की हिवाळ्यात कमाईसाठी देश सोडावा लागू नये.

ग्रायनरविषयी. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी ती येकातेरिनबुर्गच्या संघात परतण्यासाठी मॉस्कोच्या शेरेमेत्येवो विमानतळावर उतरली. सामानात गांजाच्या तेलाच्या कुप्या सापडल्या आणि तिला अटक झाली. युक्रेनवरील आक्रमण त्यानंतर आठवड्याभरात सुरू झाले. ऑगस्टमध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली आणि ८ डिसेंबरला कैद्यांच्या अदलाबदलीत सुटका झाली. देशाच्या संघाखेरीज परदेशात पुन्हा खेळणार नाही, असे तिने नंतर जाहीर केले. तुमची भीती मला समजते. पण त्या प्रकरणातून परदेशी खेळणेच धोक्याचे, असा निष्कर्ष काढू नये. त्या देशाचा कायदा काय आहे, सामानात काय न्यायचे नाही, दूतावासाचा क्रमांक कोणाकडे आहे, या गोष्टी मुलीला आणि तुम्हाला निघण्यापूर्वी ठाऊक असाव्यात, एवढा धडा मात्र नक्की घ्यावा. केरळची गीतू ॲना जोस २००६ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात रिंगवूड हॉक्सकडून खेळून आली आणि भारताची कर्णधारही झाली. साताऱ्याच्या मुलीने त्या वाटेचा विचार करू नये असे मी कधीच म्हणणार नाही.

प्रश्न : माझा पुतण्या उंच आहे, वय सतरा, जिल्हा संघात खेळतो. मोठ्या शहरातील एका गृहस्थांनी युरोपातील क्लबमध्ये चाचणी मिळवून देतो म्हणून काही लाख रुपये आगाऊ मागितले आहेत. अमेरिकी खेळाडूंचेही असेच करार होतात असे ते सांगतात. हे खरे आहे का?
— शेतकरी, इस्लामपूर

उत्तर : नाही, आणि कृपया ही रक्कम देऊ नका. अमेरिकी खेळाडूचा परदेशी करार कसा होतो ते सांगतो, म्हणजे फरक तुमच्या लक्षात येईल. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ, म्हणजे फिबा, दलालांना परवाने देतो आणि परवानाधारकांची यादी सर्वांना पाहता येते. दलालाचे पैसे करार झाल्यावर मिळतात आणि युरोपात ते बहुधा क्लबच देतो. खेळाडूचा पगार अनेक ठिकाणी कर वजा जाऊन हातात येणारी रक्कम म्हणून ठरतो; घर, जाण्यायेण्याची विमानतिकिटे आणि पुष्कळदा मोटारही करारातच लिहिलेली असते. तो पोहोचला की वैद्यकीय तपासणी होते आणि ती पार पडल्यावरच करार पक्का होतो. एका देशातून दुसऱ्या देशात खेळायला जाताना आधीच्या देशाच्या महासंघाचे ना-हरकत पत्र लागते. तुमच्या पुतण्यासाठी ते भारतीय बास्केटबॉल महासंघाकडून घ्यावे लागेल. आणि मुख्य गोष्ट म्हणजे अठरा वर्षांखालील खेळाडूंच्या अशा स्थलांतराला फिबाच्या नियमांत मनाई आहे, अपवाद थोडे आणि तेही तपासणीनंतरचे. सतरा वर्षांच्या मुलाला चाचणीचे आश्वासन देऊन आगाऊ पैसे मागणाऱ्याने हा नियम तुम्हाला सांगितला का, हे त्यांना विचारा.

पगार थकवण्याचे प्रकार अमेरिकी खेळाडूंबाबतही होतात. क्लबचा पुरस्कर्ता मागे हटतो, संघ खालच्या श्रेणीत घसरतो, आणि फेब्रुवारीचा हप्ता एप्रिलमध्येही येत नाही. पूर्वी अशा खेळाडूला परक्या देशातील न्यायालयात वर्षानुवर्षे खेटे घालावे लागत, म्हणून बहुतेक जण पैशावर पाणी सोडून घरी जात. २००७ मध्ये फिबाने यासाठी लवाद स्थापन केला. त्याचे अधिकृत स्थान जिनिव्हा आहे. प्रत्येक वादासाठी निवाडा करणारी एकच व्यक्ती नेमली जाते, काम इंग्रजीत आणि मुख्यतः कागदपत्रांवर चालते, आणि कोणत्याही एका देशाच्या कायद्याचा कीस न काढता न्याय्य काय हे पाहून निर्णय देता येतो. क्लबने तो निर्णय पाळला नाही तर त्याला नवे परदेशी खेळाडू नोंदवण्यास बंदी घालता येते, आणि क्लबला हीच गोष्ट सर्वाधिक झोंबते. मात्र या लवादाकडे जाण्याचे कलम करारात लिहिलेले असावे लागते. पुतण्या मोठा झाला आणि खरोखर करार समोर आला, तर पगाराच्या आकड्याआधी ते कलम शोधा.

प्रश्न : असे खेळाडू कुटुंब बरोबर नेतात का? मुलांच्या शिक्षणाचे काय?
— निवृत्त शिक्षिका, मिरज

उत्तर : काही नेतात. पुढे एनबीए गाजवणाऱ्या कोबी ब्रायंटचा पिता, जोसेफ ‘जो’ ब्रायंट, १९८४ ते १९९१ या काळात इटलीत खेळला. रिएती, रेज्जो कालाब्रिया, पिस्तोया आणि रेज्जो एमिलिया अशी चार शहरे झाली. त्याची मुले तिथल्याच शाळांत शिकली. धाकटा कोबी अस्खलित इटालियन बोलू लागला आणि बास्केटबॉलची मूलतत्त्वे तिथेच शिकलो असे तो मोठेपणी सांगत असे. पण वर्षभराच्या करारावर जाणारे बहुतेक जण एकटेच जातात.

प्रश्न : एका अमेरिकी खेळाडूचा संपूर्ण हंगाम पाहायचा आहे, पण सकाळी सहाला दुधाच्या संकलनाला जावे लागते. कोणती लीग निवडू?
— दूध संस्थेचा सचिव, वाई

उत्तर : मग युरोप सोडा. तिथला रात्री साडेआठचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे रात्री एकला सुरू होतो. चीनमधील संध्याकाळी ७.३५ चा सामना आपल्या ५.०५ ला असतो, आणि ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरचा उन्हाळ्यातील संध्याकाळी साडेसातचा सामना दुपारी दोनला. तुम्ही ऑस्ट्रेलियाची लीग घ्यावी असे मी सुचवतो. सामने चाळीस मिनिटांचे, खेळ वेगवान आणि धसमुसळा, आणि २०१८ पासून एनबीएच्या वाटेवरच्या तरुणांसाठी तिथे खास योजनाही आहे. लामेलो बॉल २०१९-२० मध्ये तिथल्या इलावारा हॉक्सकडून खेळला. पायाच्या दुखापतीमुळे बारा सामन्यांवर थांबला, तरी लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२० च्या निवडीत तिसऱ्या क्रमांकावर एनबीएत गेला. अशा एखाद्या तरुणाचे नाव हंगामाच्या सुरुवातीलाच निवडा. गुणांबरोबर त्याची मिनिटे, असिस्ट (ज्या पासवर सहकाऱ्याने बास्केट केली ते) आणि चुकलेले पास लिहीत जा, आणि शेवटच्या पाच मिनिटांत प्रशिक्षक त्याला मैदानावर ठेवतो की बाकावर बसवतो, याची नोंद दर सामन्याला करा.